जुनी ऑक्टाव्हिया आरएस: पाय दाबला की आधी अडखळते मग पळते, सुरुवात कुठून करू?

सिंहगडरोड_आरएस

नमस्कार मंडळी. गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, १५० पीएसवाली, पाच गिअर मॅन्युअल, एमएच १२. मागच्याच वर्षी दुसऱ्यांदा पासिंग करून घेतलंय म्हणजे अजून पाच वर्षं तरी ठेवायचीच आहे, तेव्हा विकून टाक हा सल्ला कृपया नको, ही गाडी माझ्या फार जिवाची आहे.

त्रास असा की सकाळी इंजिन थंड असताना गाडी झकास चालते, आयडलला किंचित थरथर असते पण तेवढंच. एकदा नीट गरम झाली की तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ३५०० आरपीएमच्या मध्ये पाय पूर्ण दाबला की अर्धा सेकंद काहीच होत नाही, मग हलकासा धक्का बसून पिकअप घेते, पण पूर्वी सीटला पाठ चिकटायची तशी ओढत नाही. हळूहळू पाय दाबत गेलं तर फारसं जाणवत नाही. वारज्याहून चांदणी चौकाकडे चढताना आणि नवीन कात्रज बोगद्याच्या चढावर एकदम कळतं, आणि आत्ता एप्रिलच्या उन्हात एसी लावला की अजूनच. चेक इंजिनचा लाईट लागलेला नाही. मायलेज थोडं पडलंय.

आतापर्यंत प्लग नवीन टाकलेत, एअर फिल्टर नवीन, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घेतली. एका गॅरेजमध्ये साधा स्कॅनर लावून एरर नाही म्हणजे टर्बो गेला, रिबिल्ड करा असं सांगितलं आणि आकडा पन्नास हजारांच्या वर निघाला. दुसऱ्या ठिकाणी चारही कॉइल बदलून बघू म्हणाले. मला बघू नको आहे हो, नक्की काय गेलंय ते कळायला हवंय. धूर नाही, टर्बोचा आवाज नेहमीसारखाच आहे, ऑइल कमी होत नाही, फक्त टॅपेट कव्हरच्या कडेला थोडं ओलं दिसतं. कुठून सुरुवात करू?

ताम्हिणीप्रेमी

दादा आधी पेट्रोल फिल्टर बदल. कधी बदललाय ते लिहिलं नाहीस. ह्या गाडीत तो खाली, मागे टाकीजवळ असतो त्यामुळे सर्व्हिसला कुणी बघतच नाही. आणि आता पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय, इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सुटा करतं आणि तो सगळा जाऊन फिल्टरमध्ये बसतो. गाडी सावकाश चालवली तर पुरतं, पाय दाबला की पेट्रोल कमी पडतं, तू सांगतोयस ते अगदी त्याच्याशी जुळतं.

पॅलिओ_जीटीएक्स

माझी गाडी १.६ पॅलिओ आहे, टर्बो नाही, त्यामुळे टर्बोबद्दल बोलत नाही. पण एक विचारतो, पाय दाबल्यावर आरपीएम वाढतो आणि स्पीड वाढत नाही असं होतंय का? तसं असेल तर तो क्लच आहे, इंजिन नाही. चौथ्या गिअरमध्ये २००० वरून चढावर पूर्ण दाबून बघ, काटा एकदम वर उडाला तर क्लच घसरतोय. आणि तुझी गाडी ड्राइव्ह बाय वायर आहे ना, पेडलला केबल नाही, सगळं विजेवर, मग ब्रेक लाईटचा स्विच पण तपास, तो अधूनमधून ब्रेक दाबलाय असं सांगायला लागला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, थ्रॉटल कमी करतो. दोन मिनिटांचं काम आहे, कुणाला तरी मागे उभं करायचं आणि पेडल नुसतं हलवून बघायचं दिवा फडफडतो का.

वीसव्हॉल्व्ह_काका

हे इंजिन मी बरीच वर्षं हाताळतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, आणि आधी एक विनंती, टर्बोला हात लावू देऊ नकोस. टर्बो खरंच गेला असता तर निळा धूर, ऑइल कमी होणं, शाफ्ट हातानं हलवल्यावर ब्लेड हाऊसिंगला घासणं, असं काहीतरी दिसलंच असतं. एरर नाही म्हणून टर्बो गेला ह्या वाक्यात काही तर्कच नाही.

ह्या तक्रारीत तीन वेगवेगळ्या गोष्टी लोक एकाच नावानं सांगतात. एक मिसिंग, म्हणजे ठकठक झटके बसतात, जास्त झालं तर चेक इंजिन लाईट फडफडतो. दुसरी, ईसीयू स्वतःच ताकद कापतो, तेव्हा गाडी एकदम मेल्यासारखी होते आणि इग्निशन बंद करून चालू केल्यावर परत ठीक होते. तिसरी तुझी, पाय दिल्यावर उशीर आणि मग कमी ओढ. पहिलीत कॉइल आणि प्लग आधी बघायचे, कारण बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबून भरलेली हवा, आला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं आणि ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, दमलेली कॉइल नेमकी तिथेच हात टेकते. पण तुझं वर्णन झटक्यांचं नाही, आणि समजा असलं तरी चारही कॉइल विकत घ्यायची गरज नाही, संशय असलेली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर टाकायची आणि मिसफायरचा आकडा तिच्याबरोबर जातो का बघायचं.

तिसऱ्या प्रकारात हवा नाहीतर पेट्रोल. आणि हे अंदाजानं नाही, आकड्यांनी कळतं. साधा स्कॅनर पुरणार नाही, व्हीसीडीएस (स्कोडा-फोक्सवॅगनचे आतले आकडे दाखवणारा लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम) असलेला माणूस शोध, पुण्यात अशा केबल बऱ्याच जणांकडे आहेत. मग त्यातल्या इंजिनच्या मेनूत जाऊन हे ब्लॉक, म्हणजे आकड्यांचे गट, बघ.

ब्लॉक ०३२ सगळ्यात महत्त्वाचा. त्यात ट्रिम दिसतो, म्हणजे ईसीयूनं पेट्रोलात केलेली टक्क्यांतली दुरुस्ती. पहिला आकडा आयडलचा, दुसरा पार्ट लोडचा, म्हणजे अर्धवट पाय दाबून चालवतानाचा. प्लस म्हणजे ईसीयूला पेट्रोल वाढवावं लागतंय, मायनस म्हणजे कमी करावं लागतंय. आता नीट वाच, सगळी गंमत इथेच आहे. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणारे पाईप) व्हॅक्यूम असतो, त्यामुळे कुठे भेग असली तर एअरफ्लो सेन्सरनं न मोजलेली हवा आत घुसते, मिश्रण पातळ होतं आणि आयडलचा आकडा प्लसमध्ये जातो. गाडी पळताना एकूण हवाच इतकी जास्त असते की ती भेगेची हवा त्यात जाणवत नाही. म्हणजे आयडल जास्त प्लस आणि पार्ट लोड त्यामानानं बरा, तर गळती. आयडल ठीक आणि पार्ट लोड खूप प्लस, तर एअरफ्लो सेन्सर कमी मोजतोय नाहीतर पेट्रोल कमी पोचतंय, म्हणजे ताम्हिणीप्रेमी म्हणतात तो फिल्टर किंवा पंप.

फक्त ई२० चा हिशेब धर. साध्या पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ च लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. जुना ईसीयू हे ट्रिममधूनच भरून काढतो, त्यामुळे पार्ट लोडला पाच-सात टक्के प्लस दिसलं तर तो बिघाड नाही, ते पेट्रोलच तसं आहे. हे माहीत नसलं की माणूस उगाच एअरफ्लो सेन्सर बदलत बसतो.

ब्लॉक ११५ मध्ये ईसीयूनं मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी दिसतो. आधी नुसती इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून बघ, पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे त्यामुळे इथे ९५० मिलीबारच्या आसपास दिसायला हवं, १०१३ नाही. तो आकडा भलताच असेल तर प्रेशर सेन्सरच खोटं बोलतोय आणि पुढचं सगळं वाया. मग तिसऱ्या गिअरमध्ये २००० वरून ४००० पर्यंत पूर्ण पाय, कात्रज बोगद्याच्या चढावर पहाटे. लॅपटॉप शेजारी बसलेल्याच्या मांडीवर, चालवणाऱ्यानं स्क्रीनकडे बघायचंसुद्धा नाही. आणि परत येताना नवले पुलाकडच्या उतारावर असलं काही अजिबात करू नका, तिथे किती अपघात होतात ते आपण सगळे जाणतो.

०२० ला नॉकमुळे (मिश्रण अवेळी पेटल्यामुळे) ठिणगीचं टायमिंग किती मागे जातंय ते, ०१५ आणि ०१६ ला मिसफायर. एवढं लिहून आण, मग बोलू.

भोसरी_फिटर

काकांनी सगळं लिहिलंच आहे, मी हातानं करायचं सांगतो. लॉग, म्हणजे ते आकडे, येईपर्यंत प्रेशर टेस्ट कर, पैसे जवळजवळ लागत नाहीत. एअरफ्लो सेन्सरनंतरचा जो रबरी पाईप टर्बोकडे जातो त्याच्या तोंडाचं माप घे, त्या मापाची पीव्हीसीची एंड कॅप प्लंबिंगच्या दुकानात मिळते, तिला भोक पाडून पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवून घे, क्लिपनं आवळ आणि गेजवाल्या पंपानं हवा मार. दहा पीएसआयच्या वर जायचं नाही. मग साबणाचं पाणी घेऊन एकेक जॉइंट, इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा गार करतो तो) दोन्ही टोकाचे पाईप, खालचे वाकडे पाईप, थ्रॉटलच्या तोंडाशी, सगळीकडे फुगे येतात का बघ.

दोन गोष्टी लक्षात ठेव. त्या रबरी पाईपला ब्रीदरची एक जाड नळी येऊन मिळते, ती आधी काढून बंद कर, नाहीतर हवा सरळ क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या ऑइलवाल्या पोटात, जाईल आणि तू गळती शोधत बसशील, शिवाय सील फुटायची भीती. आणि ऑइल भरायचं झाकण उघडं ठेव. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे जाणारच, ती धरायची नाही. पण ऑइलच्या तोंडातून जोरात हवा आली तर मॅनिफोल्डखालचा चेक व्हॉल्व्ह, एकाच दिशेनं हवा जाऊ देणारा, गेलाय समज. तू कव्हर ओलं आहे लिहिलंस ना, ते वाचल्यापासून मला तिथलाच संशय आहे.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह पण काढ, पाय सोडला की जादा बूस्ट परत वळवतो तो. त्याचा पडदा आत दाबायचा, व्हॅक्यूमच्या नळीचं तोंड बोटानं बंद करायचं आणि सोडायचं. पडदा तसाच दाबलेला राहिला तर चांगला, हळूहळू वर आला तर फाटलाय. त्याचा फाटला की नेमकं असंच अडखळतं, १७७०५ कोड पण येतो कधी कधी, टर्बो आणि थ्रॉटलच्या मध्ये प्रेशर पडतंय असा.

पॅलिओ_जीटीएक्स

हे दोन्ही प्रतिसाद जपून ठेवले. एअरफ्लो सेन्सरचा कनेक्टर काढून चालवून बघायची जी पद्धत सांगतात ती ह्यात चालते का?

वीसव्हॉल्व्ह_काका

चालते. इंजिन बंद करून कनेक्टर काढायचा, मग ईसीयू थ्रॉटल किती उघडलाय आणि आरपीएम किती त्यावरून हवेचा अंदाज बांधतो. गाडी स्पष्ट सुधारली तर सेन्सरवर संशय घ्यायचा, पण फक्त संशय, कारण बूस्टची गळती असली तरी कधी कधी थोडी सुधारते, मोजलेली हवा आणि पोचलेली हवा ह्यातला गोंधळ तेवढा कमी होतो म्हणून. नंतर कोड पुसायला विसरू नये. आणि सेन्सर साफ करायचा तर त्यासाठीचाच स्प्रे, कार्ब क्लीनर मारून अनेक चांगले सेन्सर लोकांनी घालवलेत.

सिंहगडरोड_आरएस

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या तपशिलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. क्लच घसरत नाही, ब्रेक लाईटचा स्विच ठीक आहे. कर्वेनगरच्या एका मित्राकडे केबल निघाली, त्याच्याबरोबर पहाटे जाऊन लॉग घेतले.

०३२ ला आयडल प्लस ६.३, पार्ट लोड प्लस ८.९. ११५ ला इंजिन बंद असताना ९५० च्या आसपासच, म्हणजे सेन्सर बरोबर. चढावर ३००० ला मागणी १५४० आणि मिळतंय १३९०, वर ४००० पर्यंत हा फरक थोडा कमी होतो पण जात नाही. मिसफायर शून्य. टायमिंग मागे जातंय पण एकदोन अंशच. गाडी थंड असताना पण एक लॉग घेतला, त्यात फरक बराच कमी आहे.

काका, ई२० चे पाच-सात वजा केले तर पार्ट लोड बरा, म्हणजे आयडलचा ट्रिम गळती दाखवतोय आणि बूस्ट पण कमी, म्हणजे दोन वेगळ्या जागा का?

वीसव्हॉल्व्ह_काका

दोन असू शकतात, पण मी आधी एकच धरीन. मॅनिफोल्डला जोडलेली अशी जागा शोध जिथे आयडलला व्हॅक्यूम आणि पाय दाबला की बूस्ट असतो. तिथे भेग असली तर आयडलला हवा आत येते आणि बूस्टला तीच हवा बाहेर जाते, तुझे दोन्ही आकडे एकाच भोकातून येतात. ह्या इंजिनमध्ये अशी सगळ्यात बदनाम जागा म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या खालून जाणारी ब्रीदरची नळी आणि तिच्यातला चेक व्हॉल्व्ह. व्हॅक्यूम असताना त्यानं क्रँककेसची वाफ आत घ्यायची आणि बूस्ट आला की बंद व्हायचं, एवढंच त्याचं काम. तो बंद होईनासा झाला की बूस्ट क्रँककेसमध्ये जातो, आतलं प्रेशर वाढतं आणि ऑइल गॅस्केटच्या कडेनं पाझरायला लागतं. भोसरीकरांनी ओल्या कव्हरवरून जे ताडलं ते अगदी बरोबर वाटतंय. गरम झाल्यावर जास्त होणं पण त्यातलंच, ऑइल पिऊन फुगलेलं रबर गरम झालं की मऊ पडतं आणि भेग उघडते. ह्यात गाडीचा दोष नाही, वीस वर्षं त्या उष्णतेत राहिलेलं रबर आहे ते.

पेट्रोल फिल्टर तरीही बदल, पण तो बदलून हे जाणार नाही. पेट्रोल कमी पडत असतं तर बूस्ट मागणीइतका भरला असता, गाडी फक्त पातळ मिश्रणानं अडखळली असती.

ताम्हिणीप्रेमी

हा शेवटचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, बूस्ट भरतोय की नाही ह्यावरून हवा की पेट्रोल हे वेगळं करता येतं. पटलं.

सिंहगडरोड_आरएस

झालं! रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्येच कॅप बनवून टेस्ट केली. सहा-सात पीएसआयलाच ऑइलच्या तोंडातून फुसफुस इतकी मोठ्यानं की साबणाची गरजच पडली नाही. मॅनिफोल्डखाली हात घालायला जागा नाही, आरसा आणि टॉर्च घेऊन बघितलं तर नळी वाकते तिथे खालच्या बाजूनं बोटभर चिरलेली, वरून बघून कधीच दिसली नसती. काढताना तिचे तुकडेच हातात आले. चेक व्हॉल्व्हमधून दोन्ही बाजूंनी फुंकर आरपार जाते. डायव्हर्टर व्हॉल्व्ह चांगला निघाला, इंटरकूलरची एक क्लिप सैल होती ती आवळली. नळी आणि व्हॉल्व्ह दोन्ही नवीन टाकले, सगळं मिळून दोन-अडीच हजारांत बसलं. फिल्टरही बदलला, जुन्यातून काळपट गाळ निघाला.

काल दुपारी भर उन्हात, एसी लावून, वारज्याहून चांदणी चौकात गेलो. तिसऱ्यात २००० वरून पाय दिला आणि गाडी लगेच निघाली, मध्ये काही नाही. शेजारी बायको होती, ती म्हणाली ही आपलीच गाडी का. ११५ ला आता मागणी आणि प्रत्यक्ष ह्यात वीस-तीस मिलीबारचाच फरक. ०३२ ला आयडल ०.९, पार्ट लोड ५.२. आयडलची थरथर पण गेली, ती मी उगाच पेट्रोलच्या नावावर खपवत होतो की काय कोण जाणे.

आता दोन शंका. पार्ट लोडचा ५.२ तसाच सोडू ना? आणि नळी मला ओरिजिनल मिळाली नाही, नाना पेठेत दुकानदारानं हीटर होजचा तुकडा मापाचा म्हणून दिला, तो टाकलाय, चालेल का?

वीसव्हॉल्व्ह_काका

फार आनंद झाला. ५.२ सोडून दे, वर सांगितलं तेच ई२० आहे, आयडल शून्याला आलाय तेव्हा गळती उरलेली नाही. टाकी दोनतीनदा भरून झाली की परत एकदा बघ, आठच्या वर गेला तरच पंपाचं प्रेशर मोजायचं.

नळीचं मात्र भोसरीकर सांगतील.

भोसरी_फिटर

अभिनंदन भावा, मस्त काम केलंस. पण ती हीटर होज काढ. हीटर होजचं रबर पाण्याला आणि कूलंटला बनवलेलं असतं, ईपीडीएम म्हणतात त्याला, ऑइलच्या वाफेत ते फुगतं आणि काही महिन्यांत मऊ होऊन बूस्टला पिचकतं किंवा निसटतं, परत तुझा तोच त्रास सुरू. ऑइलला चालणारी होज माग, नायट्राइल म्हणून विचार, नळीवर तसं छापलेलं असेल तरच घे. आतला व्यास तोच, भिंत जाड बघ म्हणजे आयडलच्या व्हॅक्यूमला चपटी होणार नाही. वाकण आहे तिथे सरळ नळी जबरदस्तीनं वाकवू नकोस, घडी पडते, नव्वद अंशाचा तयार तुकडा घे नाहीतर मध्ये धातूचा एल्बो टाक आणि दोन्ही टोकांना स्क्रूच्या क्लिपा, ओढून बंद करायच्या प्लॅस्टिक पट्ट्या नकोत. चेक व्हॉल्व्हवर बाण असतो, तो मॅनिफोल्डकडे असला पाहिजे, तेवढं एकदा आरशात बघून घे.

टॅपेट कव्हरची कड आत्ता पुसून कोरडी कर. प्रेशर गेल्यामुळे पाझर बऱ्याचदा आपोआप थांबतो, पंधरा दिवसांनी परत ओली दिसली तरच गॅस्केट बदल.